काळोख नीट करा, सिनेमा उत्तम आहे: डिचोली-फोंड्यात फिरलेल्या ब्लॅक सिनेमाच्या फेरीबद्दल

यंदा गोव्यातल्या डिचोली आणि फोंडा तालुक्यांतल्या काही गावांत एक फिरता चित्रपट महोत्सव येऊन गेला. विषय ब्लॅक सिनेमा, म्हणजे अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या काळ्या माणसांच्या आयुष्यावर काढलेले सिनेमे, तेही बहुतेक त्यांच्यातल्याच दिग्दर्शकांनी काढलेले. चालवणारी पोरं कॉलेजातली नाहीतर नुकती नोकरीला लागलेली. चार सिनेमे, तिकीट पन्नास रुपये, शाळेच्या मुलांना फुकट. मी चारही पाहिले, एक तर दोनदा. पुढची फेरी लागली तर जावं की नाही या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. त्या पोरांनीही वाचलं तर बरंच.

माझा अधिकार एवढाच की मी म्हापशातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून पडदा उजळायचा तेव्हापासून ते रिळांचे डबे बंद होऊन हार्ड डिस्क यायला लागली तोपर्यंत. गावात अजून मला नावापेक्षा ‘ऑपरेटर’ म्हणूनच हाक मारतात. त्यामुळे सिनेमा सुरू झाला की माझी नजर आधी पडद्याच्या चार कोपऱ्यांवर जाते, कथेकडे मागाहून.

निकाल आधीच सांगतो: जा. सिनेमांची निवड पहिल्या दर्जाची आहे, इथे दुसरीकडे कुठे हे मोठ्या पडद्यावर बघायला मिळणार नाही. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात आहे, पण आमच्याकडची माणसं इफ्फीच्या दिवसांत पणजीला जातात ती रोषणाई बघायला. रात्री साडेनऊचा खेळ बघून परत यायला बस कुठे आहे? सिनेमा गावात आला तरच ती बघणार, आणि ही पोरं तो गावात घेऊन आली, हेच मोठं काम आहे. तक्रारी आहेत, त्याही सांगतो. बऱ्याचशा एकाच गोष्टीशी येऊन थांबतात: काळोख.

पहिला खेळ एका हायस्कूलच्या सभागृहात होता. सिनेमा ‘ब्लॅक गर्ल’, सेनेगलचा, १९६६ चा, दिग्दर्शक उस्मान सेम्बेन. कृष्णधवल, साधारण तासाभराचा. दियुआना नावाची डकारची तरुण मुलगी. तिला एक फ्रेंच जोडपं मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सला, अँतीबला, बोलावून घेतं आणि तिथे गेल्यावर ती स्वयंपाकीण, धुणं-भांडीवाली, सगळंच होऊन बसते. फ्रान्स बघायला आलेली मुलगी, बघते ती फ्लॅटच्या भिंती. त्या भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत, आणि त्यांच्यापुढे तिचा काळा चेहरा. सगळा सिनेमा या दोन रंगांवर उभा केलेला आहे.

आता सभागृहाची अवस्था बघा. दोन्ही बाजूंना खिडक्या, त्यांना फिकट निळे पडदे. बाहेर शाळेच्या आवारातला मोठा दिवा. आत ‘लोकांना चालताना अडचण नको’ म्हणून मागच्या दोन ट्यूबलाइट चालू. प्रोजेक्टर वर्गात पाठ दाखवायला ठेवतात तो. लोकांना वाटतं प्रोजेक्टर काळा रंग फेकतो. तो काळा रंग फेकूच शकत नाही, त्याला फक्त उजेड फेकता येतो. पडद्यावर जिथे काळं दिसतं तिथे उजेड पडलेला नसतो, एवढंच. म्हणजे खोलीत जितका फालतू उजेड, तितका काळा रंग राखाडी. हिंदी सिनेमात गोऱ्यापान चेहऱ्यांवर ढीगभर लाइट मारलेला असतो, तिथे हे खपून जातं. इथे दियुआना खिडकीशी उभी राहिली की तिचे डोळे आणि दात तेवढे दिसत होते. बाकी सगळा चेहरा, त्यावरचा राग, कंटाळा, अपमान, त्या राखाडी धुरकटात गडप.

या गोष्टीला मागचा इतिहासही आहे. पूर्वी रंगीत फिल्म तयार करणाऱ्यांनी ती गोऱ्या कातडीच्या हिशेबाने बनवली. कोडॅकचं एक कार्ड असायचं, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, शर्ली कार्ड म्हणत त्याला. लॅबवाले त्या बाईचा चेहरा बरोबर दिसेपर्यंत रंग जुळवायचे. ती बरोबर दिसली की काम झालं. काळ्या माणसाचा चेहरा त्याच फिल्मवर कसा येतो याची कित्येक वर्षं कोणी पर्वा केली नाही. म्हणजे या दिग्दर्शकांना फिल्मशीच झगडून आपली माणसं पडद्यावर आणावी लागली. त्यांनी कष्टाने आणलेली माणसं आपण इथे दोन ट्यूबलाइटपायी घालवायची?

त्यात दुसरी गंमत. जुने सिनेमे चौकोनी असतात, रुंदी उंचीपेक्षा थोडीच जास्त. लॅपटॉपवाल्या पोराने सगळा पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणलं होतं. ताणलेल्या चित्रात नाकं पसरतात, गाल रुंदावतात, माणसं बुटकी दिसतात. तीन-चार पोरगे हसायला लागले. ते सिनेमाला हसत होते की ताणलेल्या चेहऱ्याला, मला सांगता येणार नाही, पण काळ्या माणसाच्या नाकाला हसायची आपल्याकडे सवय आहे आणि आयोजकांनी त्या हसण्याला सामान पुरवलं. मी उठून सांगितलं, पोराने दोन बटणं दाबली, बाजूला काळे पट्टे आले आणि चित्र जागेवर बसलं. पट्टे दिसले की काहीतरी बिघडलंय असं या पिढीला वाटतं. बाळांनो, ते पट्टे राहू द्या.

एवढं सगळं होऊनही सिनेमा मनाला लागला. बचत गटाच्या बायका आल्या होत्या, त्यांच्यात एका जागी कुजबुज सुरू झाली. मालक दियुआनाच्या नावाने तिच्या आईला पत्र लिहायला बसतो, कारण तिला लिहिता येत नाही. काय लिहायचं तेही तोच ठरवतो. तिथे मागून आवाज आला, “आमच्या वाड्यावयलें एक चेडूं पणजे कामाक व्हेल्लें, ताचेंय अशेंच जाल्लें.” म्हणजे वाड्यावरची एक मुलगी पणजीला कामाला नेलेली, तिचंही असंच झालेलं. शेजारच्या तिघींनी माना हलवल्या. डकारहून अँतीबला आणि आमच्या वाड्यावरून पणजीच्या फ्लॅटमध्ये, अंतर कमी-जास्त असेल, पण ‘घरातल्यासारखीच आहे हो ती आमच्या’ हे वाक्य सगळीकडे बोललं जातं. शेवट सांगत नाही. खेळ संपल्यावर त्या बायकांपैकी कोणी लगेच उठलं नाही.

सेम्बेनबद्दल पोरांनी वाटलेल्या पत्रकात बरी माहिती होती. हा माणूस मार्सेयच्या गोदीत हमाली करायचा, मग कादंबऱ्या लिहायला लागला. नंतर लक्षात आलं की ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना फ्रेंच वाचता येत नाही. म्हणून चाळिशीच्या आसपास मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला आणि परत येऊन सिनेमे घेऊन गावोगाव फिरला. सिनेमाला तो रात्रशाळा म्हणायचा. पत्रकात फेस्पाकोचीही माहिती होती: बुर्किना फासोच्या वागाडुगू शहरात १९६९ पासून चालत आलेला आफ्रिकन सिनेमाचा उत्सव, दोन वर्षांतून एकदा, आणि पहिलं बक्षीस म्हणजे यॅनेंगा राजकन्येचा सोनेरी घोडा. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९९२ पासून पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल आहे, फिलाडेल्फियात २०१२ पासून ब्लॅकस्टार. पत्रक जपून ठेवण्यासारखं. पण तेच सगळं एका वक्त्याने माइकवरून पुन्हा वाचून दाखवलं, आणि मग प्रमुख पाहुणे बोलले, आणि मग मानपत्रासारखं काहीतरी झालं. तासाभराच्या सिनेमाआधी पाऊण तास भाषणं! हा रोग आपल्याकडे सगळ्याच कार्यक्रमांना आहे, या पोरांना तरी तो लागायला नको होता.

दुसऱ्या खेळाला मात्र फरक पडला. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या सभागृहात खेळ होता, आणि गावच्या नाट्यमंडळीने आपल्या काळ्या विंगा आणि मागचा काळा पडदा काढून दिला. खिडक्या त्याने झाकल्या. ट्यूबलाइट बंद. दाराशी एक पोरगा बॅटरी घेऊन उभा, खाली धरून. म्हणजे आमच्या टॉकीजमध्ये डोअरकीपर करायचा तेच. पडदा असा उठून आला की मला माझी केबिन आठवली.

सिनेमा होता ‘विदिन अवर गेट्स’, १९२० चा, मूकपट. दिग्दर्शक ऑस्कर मिशो. काळ्या अमेरिकन दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सिनेमा हाच. मिशोची गोष्ट मला सिनेमापेक्षाही आवडली. आधी स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकायचा, मग सिनेमे काढले आणि तेही तसेच विकले. प्रिंट घेऊन गावोगाव जायचा, थिएटरवाल्याला भेटायचा, पुढच्या सिनेमासाठी आगाऊ पैसे मागायचा. काळ्या लोकांसाठी वेगळी थिएटरं असायची, नाहीतर गोऱ्यांच्या थिएटरात त्यांना मध्यरात्रीचा खेळ मिळायचा. वितरकाचे डबे एसटीच्या टपावरून येताना मी पाहिलेत, पण दिग्दर्शकच डबा काखेत मारून दारात उभा राहिलेला कधी पाहिला नाही.

कथा एका काळ्या शिक्षिकेची. दक्षिणेतली गरीब मुलांची शाळा बंद पडायला आलीय, तिला पाच हजार डॉलर पाहिजेत, म्हणून ती उत्तरेकडे शहरात पैसे गोळा करायला जाते. आमच्याकडच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. पोर्तुगीज काळात इथल्या मराठी शाळा कशा चालल्या, कोणाच्या ओसरीवर, कोणाच्या वर्गणीवर, हे इथल्या प्रत्येक जुन्या घरात माहीत आहे.

मूकपट, म्हणून पोरांनी गावच्या भजनी मंडळाला बसवलं: पेटी, तबला, एक पखवाज, तंबोरा. आणि पडद्यावरच्या पाट्या एका निवृत्त मास्तरांनी मराठीत वाचून दाखवल्या, सूत्रधारासारख्या. मला शंका होती. बोस्टनच्या दिवाणखान्यात भीमपलास म्हणजे जरा अतीच, असं वाटलं होतं. पहिली दहा मिनिटं तसं झालंही, पेटीवाला प्रत्येक प्रवेशाला नाट्यगीताची चाल शोधत होता. मग त्याला सूर सापडला आणि तो कमी वाजवायला लागला. सिनेमात शेवटाकडे जमावाने एका निरपराध कुटुंबाला फासावर देण्याचा प्रसंग आहे. शिकागोत १९१९ च्या उन्हाळ्यात वांशिक दंगल झाली होती, आणि या प्रसंगापायी तिथल्या सेन्सॉरने सिनेमा आधी अडवला होता. त्या प्रसंगाला पेटी-तबला दोन्ही थांबले. फक्त तंबोरा चालू ठेवला. हे ठरवून केलं की तिथल्या तिथे, विचारलं नाही. ज्याने केलं त्याला सिनेमा कळतो.

हा सिनेमा कित्येक दशकं हरवलेलाच होता. एकच प्रिंट स्पेनमध्ये सापडली, पाट्या जवळजवळ सगळ्या स्पॅनिशमध्ये, त्यावरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये तो पुन्हा उभा केला. एक तुकडा अजूनही नाही, तिथे फक्त पाटी येते. मूकपटाचा वेग चुकला की माणसं तुरुतुरु पळतात, तेही इथे झालं नाही. पोरांनी यूट्यूबवरची मिळेल ती प्रत न लावता चांगली प्रत आणली होती. याचे पूर्ण गुण.

तिसरा खेळ ‘सांबिझांगा’. यासाठी मी दुसऱ्या गावात पुन्हा गेलो. दिग्दर्शिका सारा माल्दोरोर, १९७२ चा सिनेमा, अंगोलाचा. म्हणजे पोर्तुगीजांच्या अंगोलाचा. तिथे अजून लढाई चालू होती म्हणून चित्रीकरण शेजारच्या काँगोत केलं. दोमिंगोस शाव्हिएर हा ट्रॅक्टर चालवणारा मजूर, त्याला पोर्तुगालची गुप्त पोलीस, पिडे, पहाटे घरातून उचलून नेते. बायको मारिया तान्हं मूल पाठीला बांधून त्याला शोधायला निघते. एका ठाण्यावर सांगतात पुढच्या ठाण्यावर जा, तिथे सांगतात लुआंडाला जा. ती चालत राहते. १९६१ ची गोष्ट. त्याच वर्षीच्या ४ फेब्रुवारीला लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला झाला आणि अंगोलाचं युद्ध पेटलं. त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला आम्ही मोकळे झालो. त्यांना नोव्हेंबर १९७५ पर्यंत थांबावं लागलं.

पडद्यावर पोलीस पोर्तुगीज बोलायला लागले आणि मागच्या ओळीतून कोणीतरी त्यांच्याबरोबर मराठीत बोलायला लागलं. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, पोर्तुगीज अमदानीत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा पुरी होईपर्यंत, शिकलेले. खालच्या मराठी ओळी यायच्या आधीच ते सांगून मोकळे होत होते. कोणी ‘शूः’ केलं नाही. उलट पुढच्या रांगेतल्यांनी खुर्च्या थोड्या मागे ओढल्या. चौकशीच्या प्रसंगात ते एकदम गप्प झाले, तिथे मात्र खालच्या ओळीच वाचाव्या लागल्या.

नंतरची चर्चा हीच या सगळ्या फेरीतली खरी चर्चा. एका आजींनी सांगितलं की त्यांची सासू आग्वादच्या तुरुंगात नवऱ्यासाठी डबा घेऊन चालत जायची आणि कधी कधी डबा तसाच परत यायचा. कोणीतरी स्वातंत्र्यसैनिक मोहन रानड्यांचं नाव काढलं, गोवा मुक्त झाल्यावरही ते १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. मग एक मध्यमवयीन बाई उठल्या आणि म्हणाल्या, “हे सगळं खरं, पण अंगोलात, मोझांबिकमध्ये आपले गोंयकार पण होते ना? ऑफिसात, साहेबाच्या बाजूच्या टेबलावर.” सभागृहात चुळबुळ झाली. कोणाला आवडलं नाही, पण खोटं आहे असंही कोणी म्हटलं नाही. आफ्रिकेतून आलेल्या पैशांवर बांधलेली घरं इथे अजून उभी आहेत. संचालन करणाऱ्या पोराने घड्याळ बघून चर्चा आवरती घेतली. तिथे त्याने चर्चा चालू द्यायला हवी होती. भाषणांना पाऊण तास आहे आणि याला नाही?

याच खेळाआधी कर्नाटकातल्या यल्लापूरकडच्या सिद्दी कलाकारांचा दमामचा नाच होता. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे हे वंशज, पिढ्यांमागे गोव्यातून पळून घाटावरच्या जंगलात गेलेल्यांचीही मुलं-नातवंडं त्यांत आहेत. घरी कोंकणीच बोलतात. आमच्या माणसांना ते ऐकून धक्काच बसला. पोरांची कल्पना उत्तम होती, अंमलबजावणी नव्हती. नाच झाला, टाळ्या झाल्या, शाल-नारळ झाले आणि त्यांची गाडी लांब जायची म्हणून ती माणसं सिनेमा न बघताच निघून गेली. ज्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आणलं, त्यांनाच पोर्तुगीजांवरचा सिनेमा बघायला मिळाला नाही. पुढच्या वेळी त्यांची राहायची सोय करा आणि पहिल्या ओळीत बसवा. नाच नसला तरी चालेल.

आणखी एक उणीव. गोव्यात आफ्रिकन माणसं राहतात, शिकतात. २०१३ मध्ये पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, पर्वरीला महामार्ग अडवला गेला, आणि त्यानंतर त्यांना खोली द्यायची की नाही यावर गावागावांत तावातावाने बोललं गेलं, हे आपण विसरलेलो नाही. मग हा महोत्सव त्यांच्यापर्यंत का गेला नाही? एका खेळाला एक विद्यार्थी आला होता, मित्राबरोबर. चार जणांनी त्याला नायजेरियाचा का म्हणून विचारलं. तो टांझानियाचा. दोघांनी सेल्फी मागितला. मी त्याला सिनेमा कसा वाटला ते विचारलं तर म्हणाला, हे सिनेमे मी घरी असतानाही कधी पाहिले नव्हते, आमच्याकडे नॉलीवूड, म्हणजे नायजेरियातले सिनेमे, चालतं. बरोबर आहे. आमच्याकडे तरी जुने चांगले मराठी सिनेमे कोण बघतं?

चौथा खेळ उघड्यावर, देवळापुढच्या मांडावर. ‘किलर ऑफ शीप’, चार्ल्स बर्नेट, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली गोष्ट. स्टॅन कत्तलखान्यात काम करतो, झोप लागत नाही, पैसे पुरत नाहीत, बायकोशी धड बोलता येत नाही. म्हटलं तर काही घडत नाही. बर्नेटने विद्यापीठात शिकत असताना शनिवार-रविवारी शूटिंग करून, शेजारीपाजारी माणसं घेऊन हा काढला, दहा हजार डॉलरच्या आत. १९७७ ला पूर्ण झाला. पण आत वापरलेल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, त्यामुळे तो रीतसर थिएटरात लागायला २००७ उजाडलं. गाण्यांच्या हक्कांना दीड लाख डॉलर लागले, म्हणजे सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापटीहून जास्त.

इथे काळोखाचा प्रश्न पुन्हा आला. देवळापुढे हायमास्ट दिवा. तो बंद करायला कोणाला सांगायचं यावर अर्धा तास गेला, शेवटी पंचांपैकी एकाने फोन केला आणि दिवा गेला. टाळ्या पडल्या, अशा टाळ्या मी सिनेमा सुरू व्हायच्या आधी फार दिवसांनी ऐकल्या. सोळा मिलिमीटरवर काढलेला सिनेमा, त्याचा तो रवाळ दाणा उघड्यावरही सुंदर दिसत होता. आवाजाची मात्र वाट लागलेली. भजनाला लावतात ते भोंगे आणले होते, त्यातून माणसाचं बोलणं येतं ते डब्यात बसून बोलल्यासारखं.

पण प्रेक्षक! मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांत अर्धे उठतील. स्टॅन आणि त्याचा मित्र एक जुनं गाडीचं इंजीन विकत घेतात, जिना उतरवून कसंबसं टेम्पोच्या मागे ठेवतात, अगदी कडेला. “आतां पडटलें पळय!” मांडावरच्या पोरांनी ओरडून सांगितलं. गाडी सुटली आणि इंजीन पडलंच. हशा असा पिकला की कुत्री भुंकायला लागली. मग हळूहळू तो हशा विरला, कारण पैसे गेले होते. मध्यरात्री सुरू होणारा दशावतार पहाटेपर्यंत बघणारी ही माणसं आहेत, त्यांना संथ सिनेमाची भीती घालू नका. ‘ग्रामीण प्रेक्षकांना जड जाईल’ असं एका पाहुण्याने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. ते त्या दिवशी मांडावर नव्हते.

किरकोळ गोष्टी. खालच्या मराठी ओळी पोरांनी स्वतः केल्यात, कष्ट दिसतात, पण ओळी फार लांब आहेत आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. अक्षरांना काळी कड द्या. खुर्च्या प्लास्टिकच्या, मांडावर चटया, पाठ दुखणाऱ्यांनी कडेची जागा धरावी. मध्यंतरात भाजी-पाव आणि चहा, भाजी झणझणीत. डास आहेत, ओडोमॉस घेऊन जा. गाडी देवळापासून लांब लावा, नाहीतर परत निघताना अर्धा तास अडकाल.

पाचपैकी साडेतीन देतो. काळोख आणि भोंग्यांचा बंदोबस्त केलात तर साडेचार.

एक मागणी मात्र आहे. चारही सिनेमांत दुःखच फार. बघावं, पण काळी माणसं हसतातही. पुढच्या फेरीत सेम्बेनचाच ‘मंडाबी’ आणा, १९६८ चा, वोलोफ भाषेतला. पॅरिसमध्ये राबणारा पुतण्या काकाला डकारला मनीऑर्डर पाठवतो, आणि काकाकडे ओळखपत्र नाही म्हणून पोस्टात ती सुटत नाही. ओळखपत्राला जन्माचा दाखला, दाखल्याला तारीख, फोटोला पैसे, आणि तोवर अख्खी आळी उसने मागायला दारात. ज्याच्या घरातलं कोणी आखातात नाहीतर बोटीवर आहे आणि ज्याने कधी एकदा तरी सरकारी दाखला काढलाय, तो हसून हसून लोळेल. म्हणजे सगळा गोवा.

आणि तारखा ठरवताना कालनिर्णय बघा. कार्तिक लागला की आमच्याकडे गावोगाव जत्रा आणि नाटकं सुरू होतात. त्या रात्री तुमच्या सिनेमाला कोणी येणार नाही, मीसुद्धा नाही.